होस्टेलच्या रूममध्ये पाइप गळून लॅपटॉप भिजला, भरपाई अशी मिळाली

छतातला पाइप गळून टेबलावरचा लॅपटॉप भिजला, चालूच होईना. वॉर्डनला सांगितलं, ऑफिसला मेल केला, उत्तर एकच, वैयक्तिक सामानाची जबाबदारी विद्यापीठाची नाही. जाम वैताग आला.

शेवटी काम झालं ते असं. आधी ओल आलेलं छत आणि खालचा लॅपटॉप एकाच फोटोत घेतला, मग मेंटेनन्स रजिस्टरमधल्या गळतीच्या जुन्या तक्रारीच्या नोंदीची कॉपी मिळवली (खरा जोर हिच्यातच, कळवूनही दुरुस्ती केली नाही म्हणजे निष्काळजीपणा), मग सर्व्हिस सेंटरकडून 'पाण्यामुळे मदरबोर्ड खराब' असं लेखी आणि बिल. हे सगळं जोडून रजिस्ट्रारकडे अर्ज, त्यात 'मदत' नाही, 'भरपाई' लिहिलं, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला. चोरीच्या केसमध्ये मात्र हे अवघड, तिथे इन्शुरन्स बघा.