दिवाळीआधी गॅस गिझर: पहिली ताडपत्री काढा

दिवाळीचं पहिलं काम म्हणजे ताडपत्री. भाजणी, कंदील, किल्ला, सगळं मागून. ज्यांच्या घरी गॅसचा गिझर आहे त्यांनी पहिल्या अंघोळीच्या आठवडाभर आधी ड्राय बाल्कनीत उभं राहून वर बघावं, खाली बघावं, आणि जूनमध्ये पावसासाठी जे काही बांधलं, चिकटवलं, कोंबलं असेल ते काढावं. मी काढलं नव्हतं.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर. इथे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून ग्रिलला निळी ताडपत्री आणि वरच्या फटीत कबुतरांसाठी थर्माकोल. गिझर बाल्कनीच्या भिंतीवर, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! लोक बाथरूमच्या आत लावतात, आपण बाहेर लावलाय. पण ताडपत्री बांधलेली बाल्कनी ‘बाहेर’ राहतच नाही, ती एक कोंदट खोली होते. आमच्या बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या त्याच खोलीत उघडतात. नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारपासून ओळीने अंघोळी: दोन मुलं, नवरा, मग आत्या. गिझर मध्ये बंद झालाच नाही. आत्या आतून म्हणाली, “अगं, डोकं फार जड झालंय.” मी म्हटलं, “तेल जास्त चोळलंस,” आणि फराळाचं ताट भरायला गेले. मग तांब्या पडल्याचा आवाज आला. आतून कडी. नवऱ्याने खांद्याने दार उघडलं तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसली होती, उटणं अर्धवट धुतलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही.

गॅस जळायला हवा फार लागते. एक भाग एलपीजीला साधारण पंचवीस-तीस भाग हवा. ती कमी पडली की ज्योत विझत नाही, अर्धवट जळत राहते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो न जळलेला गॅस गळला तरच येतो. त्यामुळे “पण वास तर नव्हता आला” हे शेजाऱ्यांनी मला दहा वेळा ऐकवलं त्याला काही अर्थ नाही. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही माणूस आतल्या आत गुदमरतो. म्हणून ताडपत्री.

अर्धी गुंडाळून वर बांधली, असं चालत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, तेव्हा ग्रिलचा तळ मोकळा हवा. पाइपचा गॅस हलका, वर जातो, तेव्हा तो थर्माकोलही काढा. आणि गिझरला स्वतःला दोन्ही लागतं: ताजी हवा आत यायला एक वाट, जळलेली बाहेर जायला दुसरी. कबुतरं येतील म्हणता? जाळी लावा. जाळीतून हवा जाते, ताडपत्रीतून जात नाही. स्लायडिंग बसवून बाल्कनी बंद केली असेल तर ती सरकवून ठेवून भागणार नाही, थंडी वाजली की कोणीतरी ओढून घेतंच. काचेच्या वर-खाली कायमचे जाळीचे झरोके करून घ्या. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. आमचा फॅन हवा टाकत होता ती ताडपत्रीच्या आतच. शिवाय स्वयंपाकघरातली चिमणी चालू असली की ती बाल्कनीतला धूर घरात ओढते. गिझरला धुराचं नळकांडं असेल तर त्याचं तोंड ग्रिलच्या बाहेर आहे ना, तेही बघा.

आयएसआयची खूण, सुरक्षा पाइपवरची तारीख, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं, हे सगळ्यांना पाठ आहे. गिझरचे दोन मोठे सेल नवे घाला.

एक मात्र लोक गाळतात. घर बदललं, सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलात की गिझरचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलावे लागतात. दोन्हींचा दाब वेगळा, जेटची भोकंही वेगळी. प्लंबर “चालतंय की ताई” म्हणेल. त्याला म्हणावं, मला ज्योत दाखव. निळी, स्थिर हवी. पिवळी, लपलपती असेल किंवा वर काजळी दिसली तर गिझर बंद, कंपनीचा माणूस येईपर्यंत पाणी चुलीवर, म्हणजे शेगडीवर. आणि ज्योत निळी दिसली म्हणून ताडपत्री राहू द्यायची नाही. आमचीही पहिल्या अंघोळीला निळीच असणार, बिघडलं ते चौथ्या अंघोळीपर्यंत.

अंघोळीची पद्धत: दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आत जा. शॉवरचे लाड नकोत. दोन अंघोळींत दहा मिनिटं जाऊ द्या. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत. आतून कडी नाही, दार नुसतं लोटायचं. गिझर बाथरूमच्या आतच असेल तर माझं मत विचारू नका, हलवा.

अलार्म घ्यायचा तर कार्बन मोनॉक्साइडचाच मागा. मला दुकानदाराने आधी गॅसगळतीचा दिला होता, ती निराळी वस्तू. लावायचा पॅसेजमध्ये, वाफेत नाही.

कोणी डोकं जड, मळमळ, गरगरतंय म्हणालं तर तेलाला दोष देत बसू नका. श्वास रोखून आत जा, गिझर बंद करा, माणूस मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन. कांदा हुंगवू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. त्याला ऑक्सिजनचं रक्त आणि या वायूचं रक्त यातला फरक कळत नाही. आत्याचा आकडा ९८ होता. दवाखान्यात पहिल्या वाक्यात “गॅस गिझर” म्हणा, नाहीतर फिट किंवा शुगर कमी झाली समजून वेळ जातो. आत्याला मास्कने ऑक्सिजन दिला, संध्याकाळी तिने चहा मागितला. यंदा येणार म्हणतेय, पण बादली तीच भरणार.

सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रिजवर चिकटवा. बाकी करीट, उटणं तुमचं तुम्ही बघा. ताडपत्री नीट वाळवून घडी घाला. माळ्यावर जागा नव्हती, आमची सध्या पलंगाखाली आहे.