गाडीचा पिकअप वाढवायचाय? आधी वॉरंटीचं बघा

माझ्या मामेभावाची डिझेल एसयूव्ही लातूरला असते. घेऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्याने बाहेरच्या गॅरेजमधून ईसीयू रीमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं. गाडी समृद्धीवर अशी पळायला लागली की गडी एकदम खूश. मे महिन्यात जालन्याहून परत येताना टर्बोतून, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या भागातून, शिट्टीसारखा आवाज आणि मागून निळसर धूर सुरू झाला. त्याच आठवड्यात एसीनेही मान टाकली. शोरूमला मी सोबत होतो. ॲडव्हायझरने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला, पाचेक मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि जॉब कार्डवर लिहिलं, ‘सॉफ्टवेअर मूळ नाही, वॉरंटी नामंजूर’. टर्बोचीही आणि एसी कॉम्प्रेसरचीही.

टर्बोचं ऐकून घ्यावं लागलं. पण रीमॅपचा आणि एसीच्या कॉम्प्रेसरचा संबंध काय? आम्ही ते लेखी विचारलं. तीन आठवड्यांनी कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला, टर्बोचे पैसे मात्र खिशातून गेले. वॉरंटीचं सगळं भांडण या एका प्रश्नावर येतं: बिघाड बदलामुळे झाला का?

वॉरंटीची पुस्तिका आधी वाचा. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली असते, तीच. ‘वॉरंटीत काय येत नाही’ हे पान शोधा. काही कंपन्या लिहितात, की बदलामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. काही थेट लिहितात, की बदल केलेल्या गाडीला वॉरंटीच लागू नाही. पहिल्या वाक्यात तुम्हाला बोलायला जागा राहते, दुसऱ्यात फार थोडी. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या छापलेल्या असतात, त्याही बघा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या कंपनीची असते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘डीलरला बदल आणि बिघाडाचा संबंध सिद्ध करावाच लागतो’ असं सांगणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तो तिथला 1975 चा कायदा आहे. नांदेडच्या नाहीतर बीडच्या शोरूममध्ये त्याचा काही उपयोग नाही.

मग बदल कुठल्या भागावर ताण आणतो ते पाहा. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब आणि इंधन दोन्ही वाढवतात. टर्बोची दांडी मुळातच मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्यात जास्त गरम धूर, आणि आपल्याकडचा चाळिशीपार उन्हाळा. आत येणारी हवाच तापलेली असते, इंटरकूलर ती किती थंड करणार? वाढलेली ताकद पुढे क्लच आणि गिअरबॉक्सवर जाते. म्हणून रीमॅप केल्यावर इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यांचा दावा मंजूर होईल ही आशा सोडलेली बरी. वॉरंटी संपेपर्यंत रीमॅपला हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

रीमॅपऐवजी बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्सही मिळतो. ‘तो काढून ठेवला की काही कळत नाही’ असं गॅरेजवाले सांगतात. तो बॉक्स सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला चुकीची माहिती देतो, आणि बिघाडाच्या क्षणाचे आकडे ईसीयूत नोंदलेले राहू शकतात. रीमॅप पुसून मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी अनेक ईसीयू ठेवतात. लपवाछपवी पकडली गेली, की खऱ्या दाव्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बाहेरचा एअर फिल्टर लावल्याने होणारं नुकसान लहान वाटतं, पण आपल्याकडच्या धुळीत ते लहान नसतं. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवेच्या सेन्सरवर बसतं. रुंद टायरमुळे सस्पेन्शन आणि बेअरिंगचे दावे अडतात.

सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या वायरिंगमध्ये. हेडलाइट, हॉर्न, स्पीकर बसवताना वायर सोलून, पिळून वर काळी टेप मारतात. पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला की मेकॅनिक ती टेप सोलून दाखवतो आणि विषय तिथेच संपतो. वायर कापायची नाही, कपलरला कपलर आणि मध्ये रिले, असंच काम करून घ्या.

कायदाही तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकणं किंवा मोठ्या आवाजाचं एक्झॉस्ट लावणं यात वॉरंटीच्या आधी आरटीओच अडवेल. सीएनजी बाहेरून बसवायचाच असेल तर मान्यताप्राप्त किट घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. तरीही इंजिनच्या वॉरंटीबद्दल कंपनीला आधी विचारा. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवा.

शोरूमकडून लेखी घ्या. ‘काही होत नाही दादा, लावा बिनधास्त’ हे काउंटरवरचं बोलणं दाव्याच्या वेळी कोणालाच आठवत नाही. ई-मेल करा: गाडीचा चेसिस नंबर, नेमका कोणता भाग, आणि त्यामुळे कोणत्या भागांची वॉरंटी जाईल हा प्रश्न. शक्य असेल तर कंपनीचीच ॲक्सेसरी शोरूममध्येच बसवा आणि बिलावर तिचं नाव लिहून घ्या. काढलेले मूळ भाग, बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा. सर्व्हिस चुकवू नका.

दावा नाकारला तर भांडत बसू नका, नकाराचं कारण जॉब कार्डवर लिहून मागा. कोणता भाग, कोणता बदल आणि त्याने नेमकं काय बिघडलं, हे तीन प्रश्न लेखी विचारा. वॉरंटी कंपनी देते, डीलर तिच्या वतीने काम करतो, म्हणून पत्र दोघांनाही पाठवा. काढलेला भाग डोळ्यांनी बघा, फोटो काढा, आणि वाद मिटेपर्यंत तो भंगारात देऊ नका असं लिहून द्या.

उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. परभणीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीसाठी फी 400 रुपये. गरज वाटली तर आयोग भाग तपासणीला पाठवू शकतो. मूळ भाग आणि फोटो जपून ठेवा म्हटलं ते तेव्हा कामी येतात.