नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या हिवाळ्यात १३६ किलोहर्ट्झ ऐकताना

२२०० मीटर बँडसाठी (हौशी रेडिओचा १३६ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) अँटेना घराच्या छतावर लावू नका. तिथे एलईडी आणि चार्जरची खरखरच जास्त. मिनी-व्हिप (ॲम्प्लिफायर जोडलेला छोटा अँटेना) घरापासून १५-२० मीटर दूर, ४ मीटरच्या खांबावर बसवा. अर्थिंगची सळई खांबाच्या बुडाशी, जमीन गोठण्याआधीच ठोका. गोठलेल्या मातीत अर्थिंग कच्चे पडते आणि घरातला गोंगाट कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून थेट व्हिपपर्यंत पोहोचतो. म्हणून केबल घरात शिरते तिथे बारीक कोॲक्सचे २०-२५ वेढे फेराइट रिंगवर घ्याच. कोरडा भुरभुर बर्फ उघड्या धातूवर आदळला की सूंऽऽ असा आवाज चढतो. व्हिप पीव्हीसी नळीत झाका.

डब्ल्यूएसपीआरसाठी (अगदी क्षीण सिग्नलही टिपणारी डिजिटल पद्धत) डायल १३६.० किलोहर्ट्झ, मोड यूएसबी (म्हणजे वरचा साइडबँड). आधी जर्मनीचे डीसीएफ३९ स्टेशन (१३८.८३ किलोहर्ट्झ) ऐकू येते का तपासा. एरवी खणखणीत येणारे हे स्टेशन भूचुंबकीय वादळात मंदावले, तर अँटेना उकलत बसू नका.