जुन्या केबिन बोटीचा अंतर्भाग स्वतः नव्याने घडवताना

जुनी केबिन बोट हाती आली की गाद्या, सनमायका, दिवे आणि पडदे या गोष्टी आधी डोळ्यांपुढे येतात, आणि नेमकी तेथेच कामाची दिशा चुकते. अशा बोटीच्या आतील लाकूड कुजते, अस्तर सुटते, कपाटांना कुबट वास येतो, त्याचे मूळ क्वचितच आत असते. ते बहुतेक वेळा वरच्या डेकमध्ये आणि खिडक्यांच्या कडांमध्ये असते. पैठणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी माझ्या बावीस फुटी फायबर बोटीचे काम सुरू केले, तेव्हा फेब्रुवारीत आतून नवे प्लायवूड बसवून मोकळा झालो होतो. जूनच्या दुसऱ्या पावसातच त्या पाट्यांवर तपकिरी ओघळ उतरले आणि सगळे पुन्हा उचकटावे लागले. मराठवाड्याची कोरडी हवा वर्षातले सात-आठ महिने गळती झाकून ठेवते. म्हणून आधी पाणी शोधणे, मग ते थांबवणे, मग लाकूड सुकवणे आणि त्यानंतरच नवे काही बसवणे, हा क्रम येथे इतर कोठल्याही भागापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी बोट कोठे चालवणार हे ठरवून घ्यावे. नाथसागराचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे वन विभाग आणि जलसंपदा विभाग यांच्या परवानगीखेरीज बोट उतरवण्याचा विचार करू नये. बोटीच्या नोंदणीचाही प्रश्न असतो, कारण देशांतर्गत पाण्यावरील यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. ही चौकशी आधी केली तर पुढे अर्धवट काम अंगावर पडत नाही.

शेडमध्ये आणल्यावर पहिले काम म्हणजे बोट समतल करणे. ट्रॉलीवर उभी असलेली बोट पुढे किंवा मागे थोडी तरी झुकलेली असते, त्यामुळे आत लावलेली पाणसळ आणि ओळंबा दोन्ही फसवतात. बाहेरून कवचावर जुनी पाणरेषा दिसते. ती रेषा पारदर्शक नळीतील पाण्याच्या पातळीशी चारही बाजूंनी जुळेपर्यंत जॅक लावून बोट उचलावी आणि खाली पक्के ठोकळे द्यावेत. यानंतर केलेली प्रत्येक फळी पाण्यात गेल्यावरही सरळ राहते.

आतील सामान काढताना घाई करू नये. प्रत्येक पाटीचे काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, मागच्या बाजूस तेलखडूने क्रमांक आणि दिशा लिहावी, आणि खराब झालेली पाटीही नवी तयार होईपर्यंत फेकू नये, कारण साचा म्हणून तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. काढलेला प्रत्येक नग वजनकाट्यावर ठेवून वहीत नोंदवावा. नवे सामान जुन्यापेक्षा जड झाले किंवा वजन छताजवळ गेले, तर बोट पाण्यात अधिक डोलते. घरच्या ओट्याचा हौसेने आणलेला ग्रॅनाइट म्हणूनच बोटीत बसवू नये. एक गोष्ट मात्र काढायची नाही: कवचाला फायबरच्या पट्ट्यांनी सांधलेल्या आडव्या भिंती. त्या केवळ खोल्या वेगळ्या करत नाहीत, तर बोटीचा आकार धरून ठेवतात. त्यांचा खालचा भाग कुजला असेल तर तेवढाच भाग, बोटीला बाहेरून आधार देऊन, टप्प्याटप्प्याने बदलावा.

आता गळतीचा शोध. जुन्या फायबर बोटींचा डेक बहुधा तीन थरांचा असतो: वर आणि खाली फायबरची कातडी, मध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा. दोर बांधण्याचे खुंटे, कठड्याचे पाय, झडपांच्या बिजागऱ्या यांचे स्क्रू या गाभ्यातून आरपार जातात, आणि त्यांच्याभोवतीची फट बुजवणारा जुना मसाला सुकून भेगाळला की पाणी आत शिरते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर चार-चार बोटांच्या अंतराने ठोकत जावे. गाभा शाबूत असेल तेथे आवाज खणखणीत येतो. ओला असेल तेथे भद्द येतो. भद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ ओढत गेले की रोगाचा नकाशाच तयार होतो. माझ्या बोटीवर कठड्याच्या एका पायाचा स्क्रू काढला, तर त्याच्या आट्यांमध्ये काळा, ओला भुसा अडकून आला आणि त्याला भिजून सडलेल्या कडब्यासारखा वास होता. तो एक स्क्रू काढल्यावर आतील पाट्यांवरचे सगळे ओघळ कोठून आले हे कळले. याखेरीज नळीने पाणी मारून पाहावे. एकाने खालून सुरुवात करून एकेका जागी दहा मिनिटे पाणी सोडावे, दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही.

ओला गाभा बदलण्यासाठी कापायचे ते आतून, म्हणजे केबिनच्या छताच्या बाजूने, असे माझे मत आहे. डोक्यावर हात धरून काम करणे कष्टाचे असते हे खरे, पण वरचा डेक अभंग राहतो आणि आतील कापाकापी नव्या अस्तराखाली झाकली जाते. खालची कातडी चौकोनात कापून काढावी, कुजके लाकूड पटाशीने खरवडावे आणि मग थांबावे. येथे आपला उन्हाळा मोठा सहायक ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये उघडा ठेवलेला गाभा दोन-तीन आठवड्यांत असा कोरडा होतो, की किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याला कितीतरी अधिक वेळ लागला असता. त्यानंतर नव्या प्लायवूडचे चार-चार इंचांचे तुकडे सर्व बाजूंनी एपॉक्सीने, म्हणजे हार्डनर कालवल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने, माखून, भुकटी घालून दाट केलेल्या एपॉक्सीत बसवावेत आणि खालून टेकू द्यावेत. तुकडे लहान ठेवल्याने डेकचा बाक नीट धरला जातो, आणि पुढे कधी एका जागी पाणी शिरलेच तर तुकड्यांमधल्या एपॉक्सीमुळे ते लांबवर पसरत नाही.

स्क्रूच्या भोकांचे काम मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. ६ मिलिमीटरचे भोक असेल तर ते १२ मिलिमीटरपर्यंत मोठे करावे, खालून चिकटपट्टी लावावी, एपॉक्सीत सिलिकाची भुकटी कालवून श्रीखंडाइतके दाट मिश्रण त्यात भरावे आणि ते पूर्ण कडक झाल्यावर मधोमध पुन्हा ६ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता स्क्रूभोवती एपॉक्सीची बांगडी तयार होते, आणि वरचा मसाला निकामी झाला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. फिटिंग बसवताना ब्युटाइल रबराची चिकट पट्टी किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. साधे सिलिकॉन डेकवर वापरू नये. ते एकदा लागले की त्या जागेवर पुढे ना रंग नीट धरत ना दुसरे सीलंट.

उन्हाळा लाकूड सुकवतो, पण रेझिनचा तो वैरी आहे. तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण हाती असण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. डब्यावर अर्धा तास लिहिलेला असला तरी ४० अंशांत दहा-बारा मिनिटांतच मिश्रण घट्ट होऊ लागते. मे महिन्यात एकदा दुपारी मी अर्धा लिटर एपॉक्सी एकाच मगात कालवले. ब्रश उचलेपर्यंत मग हाताला धरवेना आणि त्यातून धूर निघू लागला. म्हणून रेझिनचे काम पहाटे पाच ते आठ या वेळेत करावे, एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये आणि कालवलेले लगेच उथळ ताटलीत पसरावे, म्हणजे उष्णता साचत नाही.

एपॉक्सीऐवजी पॉलिस्टर रेझिन वापरणार असाल तर एक इशारा जिवाचा आहे. त्यासोबत दुकानात रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणाऱ्या कोबाल्टची जांभळी बाटली आणि हार्डनरची पारदर्शक बाटली अशा दोन बाटल्या मिळतात. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि नंतरच हार्डनर घालावे, तेही बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात, जे बहुधा १ ते २ टक्के असते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये. फायबर घासताना चांगला श्वसन-मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. फायबरच्या कापडाचीही एक अट आहे: सुट्या तंतूंची साधी मॅट पॉलिस्टरसाठी असते, कारण तिला बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिस्टरमधील स्टायरीन या द्रवात विरघळतो. एपॉक्सीसोबत विणलेले कापड घ्यावे.

पाणी थांबल्याची खात्री झाल्यावर सुतारकामाला हात घालावा. प्लायवूड आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे मरीन प्लाय म्हणून विकले जाणारेच घ्यावे. आयएस ३०३ चे प्लाय स्वस्त असते, पण बोटीत ती काटकसर पुरत नाही. बोटीत काटकोन सापडत नाही, त्यामुळे गुण्या लावून मापे घेण्यात अर्थ नसतो. फ्रिज किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा अंदाजे कापून जागेवर उभा करावा, कवचाच्या बाकाला कंपासचे टोक टेकवत पुठ्ठ्यावर समांतर रेघ ओढत जावी, त्या रेघेवर कापावा आणि पुन्हा लावून पाहावा. दोन-तीन फेऱ्यांत पुठ्ठा नेमका बसतो, मग तो प्लायवर उतरवावा. प्लायची कड कवचाला थेट टेकवू नये. ६ ते १० मिलिमीटर फट ठेवून तीत फोमची पट्टी भरावी, नाहीतर लाटांच्या माराने त्याच रेषेत कवचाला तडा जाऊ शकतो.

येथील कोरड्या हवेत कापलेले लाकूड पाण्यावर गेल्यावर फुगते. मे महिन्यात घट्ट बसणारे कपाटाचे दार सप्टेंबरात उघडत नाही, म्हणून दारांभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. प्रत्येक पाटीच्या सहाही बाजूंना, विशेषतः कडांना आणि स्क्रूच्या भोकांना, पातळ एपॉक्सीचे दोन हात द्यावेत. पाणी पाटीच्या तोंडावरून फारसे शिरत नाही, ते कडेतूनच शोषले जाते. सागवानी पट्ट्या चिकटवायच्या असतील तर जोडाची जागा आधी ॲसिटोनने पुसावी, कारण सागातील तेल गोंद धरू देत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असावेत. तळाच्या फळ्या स्क्रूने कायमच्या ठोकू नयेत. त्यांच्याखालची पोकळी केव्हाही उघडून पाहता आली पाहिजे, आणि तेथील आडव्या पट्ट्यांमधली पाणी वाहण्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत. ही पोकळी पांढऱ्या रंगाने रंगवली तर तेलाचा किंवा पाण्याचा थेंबही लपत नाही.

खिडक्यांसाठी ॲक्रिलिक वापरताना उन्हाचा हिशेब धरावा. एक मीटर लांबीची पाटी ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर वाढते. स्क्रूची भोके तेवढी सैल ठेवली नाहीत तर भोकापासून तडे सुरू होतात.

विजेच्या कामात घरच्या वायरिंगची सवय सोडावी लागते. एकाच जाड तारेची घरगुती वायर इंजिनाच्या कंपनाने आतून तुटते. अनेक बारीक तारांची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर घ्यावी आणि टोकांना क्रिंप केलेले, म्हणजे पकडीने दाबून बसवलेले, धातूचे लग लावावेत. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज असावा. बारा व्होल्टमध्ये वायरमध्ये होणारी व्होल्टेजची थोडी घटही जाणवते, म्हणून वायरची जाडी ठरवताना जाण्याची आणि परत येण्याची अशी दोन्ही लांबी मोजावी. पाणी उपसणाऱ्या पंपाला स्वतंत्र फ्यूज देऊन तो थेट बॅटरीला जोडावा, म्हणजे मुख्य बटण बंद असतानाही तो चालतो. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी केबिनमध्ये कधीही ठेवू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तळाच्या पोकळीत साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. टाकी डेकवर, तळाशी बाहेर उघडणारे भोक असलेल्या बंद कप्प्यात असावी. दोन अग्निशामक नळकांडी, एक केबिनच्या दाराशी आणि एक पुढच्या झडपेजवळ, हा खर्च गाद्यांच्या आधी करावा.

शौचालयासाठी सुटे, टाकीसह उचलून नेता येणारे उपकरण पुरेसे आहे. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात. बोटीतून त्यात काहीही सोडण्याची सोय मुळात ठेवूच नये.

छताचे जुने अस्तर ओढले की त्यामागचा फोम पिठासारखा गळतो. तो तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडावा, कारण त्यावर चिकटवलेले नवे अस्तर पहिल्याच उन्हाळ्यात लोंबते. अस्तराच्या आत एसीच्या डक्टला लावतात ती नायट्रिल रबरची १० मिलिमीटरची शीट चिकटवली तर दुपारच्या उन्हात केबिनमधला फरक हाताला कळतो. गाद्यांसाठी चार इंच जाडीचा, घनमीटरला ४० किलो घनतेचा फोम घ्यावा, खोळींना चेन लावावी आणि गादीखालच्या फळीला हवेसाठी भोके पाडावीत. हिमरूचा मला मोह झाला होता. रेशीम आणि सुताचे ते विणकाम ओलसर गादीवर टिकणार नाही, म्हणून मी ते दोन उशांच्या अभ्ऱ्यांपुरते ठेवले आणि बोट बंद करताना त्या उशा घरी नेतो.

गाद्या आत नेण्यापूर्वी प्रत्येक कपाटात, खिडकीखाली आणि तळाच्या पोकळीत जुन्या वर्तमानपत्राचे कोरडे पान पसरावे आणि त्यावर जागेचे नाव लिहावे. मग बोटीवर सलग दोन तास नळीने पाणी सोडावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाने उचलून पाहावीत. ज्या पानावर ओल्या डागाची कड उमटली असेल, त्याच्या बरोबर वरचे फिटिंग पुन्हा उघडावे. बोट पाण्यात उतरवल्यावर पहिल्या रात्रीनंतर हीच पाने तळाच्या पोकळीत पुन्हा एकदा घालून पाहावीत.