एका वायरीवर अख्खं नाटक: डिजिटल मिक्सर आणि स्टेजबॉक्स लावताना

आमच्या घरात आवाजाचा धंदा बाबांपासूनचा. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, बॅटरी आणि पात्रांच्या बाकड्यासमोर एक माइक, एवढ्या सामानावर त्यांनी जत्रेतले दशावतार उजाडेपर्यंत वाजवले. मी धंद्यात आलो तेव्हा चोवीस चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर आणि पन्नास मीटरची मल्टीकोअर केबल (प्रत्येक माइकला वेगळी तार असलेली जाड केबल) घेतली. ती उचलायला दोन माणसं लागत, आणि दवाने भिजलेल्या मंडपात पहाटे ती गुंडाळायची म्हणजे अजगराला पोत्यात भरण्यासारखं काम. आता तेच काम करंगळीपेक्षा बारीक अशी एक नेटवर्क केबल करते. पेटीवाल्या काकांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि विचारलं, "ह्या सुतळीत सगळो आवाज मावता?"

मावतो. पण जुन्या केबलची एक तार तुटली तर एक माइक जायचा, बाकीचे चालू राहायचे. ही सुतळी गेली की सगळं एकदम मुकं होतं. एका जत्रेत शंकासुर नुकताच रंगात आला होता आणि सगळे माइक बंद पडले. त्याने अंधाराकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, "वेद मी चोरलंय, मगे माझो आवाज कोणी चोरल्यान?" मंडप हसून लोटपोट. मी मात्र रंगमंचामागे धावत होतो. रंगमंचावरचे सगळे माइक ज्या पेटीत खोचतात त्या स्टेजबॉक्सची पिन कोणीतरी मोबाइल चार्ज करायला बोर्डातून काढून ठेवली होती!

पुढे जे सांगतोय ते त्या रात्रीनंतर शिकलेलं आहे. माझ्याकडे बेहरिंगर एक्स ३२ हा डेस्क, म्हणजे डिजिटल मिक्सर, आणि सोळा इनपुट, आठ आउटपुटचा स्टेजबॉक्स आहे. तुमचा डेस्क वेगळा असेल तर बटणांची नावं बदलतील, बाकी गोष्टी त्याच.

आधी केबल. डेस्क आणि स्टेजबॉक्स यांच्यामध्ये जी भाषा चालते तिला एईएस ५० म्हणतात. केबल कॉम्प्युटरच्या नेटवर्कसारखीच दिसते, म्हणून लोक मध्ये स्विच किंवा राउटर घालतात. तसं चालत नाही. डेस्कपासून स्टेजबॉक्सपर्यंत सरळ एकच तुकडा हवा, लांबी जास्तीत जास्त १०० मीटर. ४८ किलोहर्ट्झला एका केबलमधून जाताना ४८ आणि येताना ४८ चॅनेल जातात, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पट.

केबल कॅट ५ई दर्जाची, शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) असलेली आणि दोन्ही टोकांना धातूचा इथरकॉन कनेक्टर बसवलेली घ्या. शिल्ड त्या धातूच्या खोळीला नीट जोडलेली असली पाहिजे. मी सुरुवातीला पैसे वाचवायला कॉम्प्युटरच्या दुकानातली साधी, प्लास्टिकच्या टोकाची केबल वापरली. मंडपात काही झालं नाही. मग एका एसी हॉलमध्ये, सिंथेटिक गालिच्यावरून चालत आलेल्या पोराने स्टेजबॉक्सला हात लावला, बारीकशी ठिणगी उडाली आणि दोन सेकंद आवाज गायब. कोकणातल्या दमट हवेत हा त्रास एरवी लपून राहतो, आणि एसी हॉलमध्ये नेमका परीक्षकांसमोर बाहेर येतो.

दोन केबल टाका. दोन्ही एकदम, शेजारी शेजारी. दुसरीचं एक टोक स्टेजबॉक्सपाशी, दुसरं डेस्कपाशी, दोन्ही टोकांना रंगीत टेप. पहिली गेली की मेन फेडर (सगळा आवाज कमीजास्त करणारी सरकती कळ) खाली, दोन्हीकडची टोकं बदलायची, हिरवा दिवा बघायचा, फेडर वर. स्टेजबॉक्सपाशी एक पोरगा कायम बसलेला असेल तर पंधरा सेकंदांत होतं. लाइटवाल्यांच्या डिमरच्या केबलला समांतर टाकू नका; ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेली केबल जनरेटरच्या वायरीवर वेटोळं करून ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

आता वीज. आमच्याकडे आवाजाची निम्मी दुखणी इथेच असतात. डेस्क आणि स्टेजबॉक्स यांना शक्यतो एकाच फेजवरून आणि एकाच अर्थिंगवरून वीज द्या. केबलची शिल्ड दोन्ही पेट्यांना जोडते, तेव्हा दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असलं तर नको तो प्रवाह शिल्डमधून फिरायला लागतो. पोहोचल्यावर पहिलं काम मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायचं. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर वायरमनला गाठा. आमच्या जांभ्या दगडात उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन कळश्या पाणी ओतल्यावर आकडा खाली आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

डेस्क आणि स्टेजबॉक्स, दोघांनाही छोटा का होईना पण यूपीएस हवा. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची काही सेकंदं अ‍ॅनालॉग मिक्सरला काहीच नसायची. डिजिटल डेस्क मात्र पुन्हा उठायला वेळ घेतो, आणि तेवढ्यात प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागतात. स्टेजबॉक्सची पिन बोर्डात घातली की त्यावर टेप मारा आणि मोबाइलवाल्यांसाठी वेगळा बोर्ड ठेवा. माझ्या बोर्डावर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय: "हय हात लावू नको."

चालू करताना आधी स्टेजबॉक्स, मग डेस्क, सगळ्यात शेवटी अँप्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर. बंद करताना बरोबर उलट. ही बाबांची शिस्त, डिजिटलमध्येही तशीच लागू.

केबल लावल्यावर डेस्कच्या सेटअपमध्ये जाऊन घड्याळ बघा. डिजिटल यंत्रं सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतात आणि सगळ्यांनी एकाच ठेक्यावर मोजावं लागतं. टाळकऱ्यांत एकानेच ठेका धरायचा, बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचं, तसंच. डेस्कवर सिंकचा स्रोत इंटर्नल ठेवा, स्टेजबॉक्स त्याच्यामागे येईल. स्टेजबॉक्सवरचा दिवा हिरवा झाला की ठेका जुळला. लाल असेल तर केबल किंवा कनेक्टर तपासा. सेटिंग चाळवत बसू नका.

मग राउटिंग, म्हणजे कुठला आवाज कुठे न्यायचा ते. इथे नवखी पोरं हमखास अडकतात. स्टेजबॉक्सला माइक लावले म्हणजे ते आपोआप फेडरवर येत नाहीत. इनपुट १-८ आणि ९-१६ हे दोन गट 'लोकल'वरून (डेस्कच्या स्वतःच्या तोंडांवरून) काढून एईएस ५० ए वर, म्हणजे स्टेजबॉक्सची केबल लावलेल्या 'ए' सॉकेटवर, न्यावे लागतात. १७ ते ३२ मी लोकलच ठेवतो, डेस्कपाशी लॅपटॉप आणि निवेदकाचा माइक येतो म्हणून.

आउटपुटची गंमत वेगळी. या डेस्कवर कारखान्यातून मेन डावा-उजवा १५ आणि १६ नंबरच्या आउटपुटवर आलेले असतात, आणि स्टेजबॉक्सला तोंडं आठच. मग डेस्कवर मीटर नाचतात आणि स्पीकर गप्प. पहिल्या वेळी मी अर्धा तास स्पीकरच्या केबल बदलत बसलो होतो. उपाय असा: राउटिंगमधल्या एईएस ५० ए च्या पानावर पहिल्या आठांच्या गटात 'आउट ९-१६' घाला. मेन आता स्टेजबॉक्सच्या ७ आणि ८ नंबरला मिळतो.

हे सगळं मंडपात करायचं नाही. घरी, पडवीत, चहा घेत, आदल्या दिवशी करायचं, पेनड्राइव्हवर साठवायचं आणि शिवाय वहीत लिहायचं. माझ्या वहीतलं दशावताराचं पान असं: एक आणि दोन, बाकड्यासमोरचे दोन माइक. तीन, वरून सोडलेला. चार पेटी, पाच आणि सहा पखवाजाची दोन तोंडं. चक्कीला, म्हणजे झांजेला, चॅनेल नाही. चक्की सगळ्यांच्या माइकमध्ये न बोलावता शिरते, तिला आणखी आमंत्रण कशाला?

गेन, म्हणजे माइकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते, आता डेस्कवरूनच फिरतो, रंगमंचाकडे पळावं लागत नाही. त्यामुळे एक मोह होतो: चालू नाटकात गेन फिरवायचा. फिरवू नका. तोच माइक मॉनिटरमध्येही (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्येही) जातो, आणि तुम्ही प्रेक्षकांसाठी वाढवलेला गेन पेटीवाल्याच्या कानाशी शिट्टी होऊन येतो. गेन तालमीत ठरवायचा, सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या पात्राच्या मापाने. दशावतारात ते माप राक्षसाचं. तो तालमीला येत नाही, रंगवायला बसलेला असतो. तेव्हा त्याच्या रंगपटात जाऊन "एकदा गर्जना करा" म्हणावं लागतं. करतात बिचारे.

या डेस्कमध्ये शंभर सीन, म्हणजे फेडर-बटणांच्या ठरवलेल्या मांडण्या, साठवता येतात, आणि नवीन माणसाला वाटतं की आता सगळं बटणावर. लिहिलेल्या नाटकाला ते खरंच उपयोगी आहे. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या भागातली मंडळी जातात तेव्हा मी प्रवेशागणिक सीन बांधतो: कोणाचा कॉलर माइक उघडा, कोणाचा बंद, विंगेतला आवाज कुठल्या स्पीकरमधून. फक्त पेटी-तबल्याचे चॅनेल रिकॉल सेफ करून ठेवतो, म्हणजे सीन बदलला तरी ते हलत नाहीत. नाहीतर सीन बदलला की तबला तालमीतल्या पातळीवर जातो, आणि तबलजी प्रयोगात तालमीसारखा कधीच वाजवत नाही.

दशावताराला मात्र सीन वापरू नका. तिथे संवाद आयत्या वेळी सुचतात, भटजी किती वेळ रेंगाळेल हे त्यालाही माहीत नसतं, आणि पुढच्या पात्राची वाट मागे पेटीवाला बघत असतो. तिथे डीसीए बरे, म्हणजे अनेक चॅनेल एका फेडरखाली. एका फेडरवर बाकड्याचे सगळे माइक, दुसऱ्यावर साथ. दोन बोटं आणि डोळे रंगमंचावर. डेस्कच्या पडद्यात डोकं घालून बसलेल्या माणसाला पात्राचा श्वास दिसत नाही.

टॅब्लेटवरून मिक्सिंग हा आणखी एक लाडका विषय. डेस्कच्या मागे रिमोटचं वेगळं सॉकेट असतं, तिथे छोटा वायफाय राउटर लावायचा. एईएस ५० ची दोन सॉकेटं तशीच दिसतात आणि शेजारीच असतात. मी तीनही तोंडांवर नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत. राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, पासवर्ड घाला आणि डेस्कला कायमचा पत्ता द्या. दुपारी रिकाम्या मंडपात टॅब्लेट सुरेख चालतो. रात्री हजारभर मोबाइल खिशात घेऊन माणसं बसली की तो अडखळतो. म्हणून टॅब्लेट घेऊन मी स्पीकरसमोर फिरतो, मॉनिटर ठरवतो, आणि नांदीच्या आधी तो पिशवीत टाकतो.

लांब मंडपात मागे जादा स्पीकर लावले असतील तर त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडा. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. मागचा स्पीकर वीस मीटरवर असेल तर साधारण ५७ मिलिसेकंद, त्यात मी आणखी दहा घालतो, म्हणजे कानाला आवाज रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटतो.

मोठ्या नाट्यगृहात, जिथे दोन डेस्क, रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण सगळ्यांना तोच आवाज हवा असतो, तिथे डान्टे, म्हणजे नेटवर्कवरून आवाज नेण्याची दुसरी पद्धत, बरं पडतं. ते नेटवर्क स्विचमधून जातं. स्विच गिगाबिटचा घ्या आणि त्यातली वीज वाचवणारी 'ग्रीन इथरनेट' सोय बंद करा, नाहीतर घड्याळ डळमळतं. आवाज वायफायवरून पाठवायचा विचार मनातही आणू नका. प्रत्येक यंत्राला ओळखू येईल असं नाव द्या: 'डावी विंग', 'रेकॉर्डिंग'. राखीव जोडणी वापरणार असाल तर तिचा स्विच पूर्ण वेगळा हवा. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचल्या तर राखीव काही उरतच नाही, उलट गोंधळ होतो.

सगळं लागलं की मी एक काम करतो ज्याने पोरं घाबरतात. तालमीत, न सांगता, केबल उपटतो. कोण काय करतो ते बघायचं. फेडर आधी खाली आला का? दुसरी केबल कुठे आहे हे दोघांनाही माहीत आहे का?

आणि तरीही रंगमंचाच्या कडेला मी चार चॅनेलचा जुना अ‍ॅनालॉग मिक्सर, एक माइक आणि एक पॉवर्ड स्पीकर ठेवतो. त्याचा डेस्कशी काही संबंध नाही. वीजसुद्धा दुसऱ्या यूपीएसवरून. त्या शंकासुराच्या रात्री तो असता तर पुढचं वाक्य तरी माइकवर आलं असतं.

पहाटे आवरताना केबल कोपरावर गुंडाळू नका, आतल्या तारा पिळतात. एक वेटोळं सरळ, एक उलट, असं घ्या. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर प्रयोग असेल तर कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसा, खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर चढतो. टोकांना टोपणं घाला, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि स्टेजबॉक्सचं झाकण लावण्याआधी आत पाल नाही ना, ते बघा.