परदेशी सेवादौरा: तिथली रीत समजून घेताना या चुका टाळा

चर्चच्या गटाबरोबर परदेशी सेवेला निघायच्या आदल्या रात्री चार व्हिडिओ पाहायचे आणि ‘आफ्रिकेची संस्कृती समजली’ म्हणायचं, हे आता थांबायला हवं. आफ्रिकेत 54 देश आहेत. एकट्या टांझानियाचं घ्या: तिथल्या झांझिबार बेटांवर बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. तिथे रमझानमध्ये भर रस्त्यात पाण्याची बाटली तोंडाला लावणं लोकांना खटकतं. म्हणून ज्या गावी जायचं, तिथल्याच पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना विचारा, तेही किमान दोन महिने आधी. उत्तरं आली की त्यातूनच खरे प्रश्न सुचतात, आणि ते विचारायलाही वेळ लागतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो वेळेचा. टांझानियाची भाषा स्वाहिली. ती बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे 7 म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. सकाळचे 9 म्हणजे ‘सा टाटू’, तिसरा. आता शब्दकोशात नऊला ‘टिसा’ म्हणतात, म्हणून आरोग्य शिबिराच्या फलकावर कुणी घाईने ‘सा टिसा’ लिहिलं, तर काय होतं पाहा. गट सकाळी 9 ला टेबलं मांडून बसतो. औषधांचे खोके उन्हात तापतात, माणूस फिरकत नाही. दुपारी 2 पर्यंत वाट पाहून ‘इथल्या लोकांना वेळेची किंमत नाही’ असं म्हणत सामान गाडीत चढतं. आणि बरोबर 3 वाजता, म्हणजे फलकावरच्या वेळेला, बायका लेकरं पाठीशी बांधून हजर होतात. मैदान रिकामं! त्या चालत आल्या, वेळेवर आल्या आणि दोषही त्यांच्याच माथी. वेळ लिहिताना ‘सा टाटू असुबुही’ असं सकाळसकट लिहा आणि छापण्याआधी स्थानिक माणसाला विचारा, ‘तेव्हा सूर्य कुठे असेल?’ हा एक प्रश्न पुरतो.

इथिओपियातही घड्याळ असंच चालतं, शिवाय दिनदर्शिका 13 महिन्यांची. नवं वर्ष एरवी 11 सप्टेंबरला, नाताळ 7 जानेवारीला. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात: मांस, दूध, अंडी काही नाही. त्या दिवशी प्रेमाने दुधाचा चहा पुढे केलात तरी यजमान अवघडतात.

दुसरी चूक नमस्काराची. टांझानियात धाकट्याने वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं, ते ‘मराहाबा’ म्हणतात. मग घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, हे सगळं सावकाश विचारून झालं की कामाचं बोलायचं. नवखे इथेच घाई करतात, ‘शिबिराची जागा कुठे?’ असं पहिल्याच वाक्यात. शब्द कागदावरून पाठ करू नका. पाळकांकडून आवाजाचा संदेश मागवा, ऐकून म्हणा, आपला आवाज परत पाठवा. रोज पाच मिनिटं, तीन आठवडे. यात ज्याला कंटाळा येतो त्याने पुढच्या वर्षी यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचं थोडक्यात. थायलंडमध्ये मुलांच्याही डोक्याला हात लावू नका आणि पायाचे तळवे कुणाकडे करून बसू नका. झिंबाब्वेत लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना कायद्याने मना आहेत. रवांडात 2008 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, सामान कापडी पिशवीत बांधा. भेटवस्तू रस्त्यात मुलांच्या हाती देऊ नका, मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, वडीलजनांकडे सोपवा. कुणाला कशाची गरज आहे, हे त्यांना माहीत असतं. दुभाषी असेल तर 20 मिनिटांचं बोलणं 40 मिनिटं चालतं, तेव्हा निम्मंच तयार करा.

नेपाळला जाणाऱ्यांनी कायदा आधी वाचावा. 2015 च्या संविधानाचं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई करतं. त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही विमानाने परत याल, पण चौकशीला मागे राहणाऱ्या स्थानिक पाळकांना सामोरं जावं लागतं. तिथे काय बोलायचं, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.