संस्थेची जुनी इमारत विकताना: ठरावापासून किल्ल्यांपर्यंत

मुलामुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेचं विभागीय केंद्र म्हणजे साधारणपणे एक कार्यालय, गणवेश-बिल्ल्यांचं छोटं दुकान, प्रशिक्षणाचा हॉल, तंबू-दोरखंडांची कोठी आणि वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं. अशी इमारत विकायला काढली की सगळ्यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे लागतं. पण व्यवहार अडतो तो बहुतेकदा कागदांपाशी, आणि तेही इसार घेऊन झाल्यावर. म्हणून जाहिरात सगळ्यात शेवटी.

आधी हिशोब, मग निर्णय

गेल्या तीन वर्षांची वीज, पाणी, विमा, कर, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीची बिलं एका तक्त्यात मांडा. दुसऱ्या तक्त्यात आजवर पुढे ढकललेली कामं घ्या: छप्पर, वायरिंग, सांडपाण्याच्या नळ्या, जिने, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. या थकलेल्या दुरुस्तीच्या रकमेला तेवढीच इमारत आज नव्याने बांधण्याच्या खर्चाने भागा. उत्तर ५ टक्क्यांच्या आत आलं तर इमारत चांगली, ५ ते १० मध्ये ठीक, १० च्या वर खराब, असा मालमत्ता सांभाळणाऱ्यांमधला रुळलेला ठोकताळा आहे.

नुसत्या या आकड्यावर विकू नका. दाराशी वही ठेवून तीन महिने नोंद करा: कोण आलं, कशासाठी आलं, हॉल किती तास वापरात होता. या तीन महिन्यांत शिबिरांचा हंगाम आणि सुस्तीचा काळ, दोन्ही यायला हवेत. बरेचदा असं दिसतं की लोक फॉर्म द्यायला आणि बिल्ले घ्यायला येतात, आणि त्याला दोन खोल्या पुरतात. भाड्याने जायचं असेल तर दहा वर्षांचं भाडं वार्षिक वाढीसह आत्ताच मांडून बघा. ओले तंबू वाळत घालायला भाड्याच्या जागेत अंगण असेल का, हेही त्याच बैठकीत विचारा. हा प्रश्न नेहमी राहून जातो.

इमारत नक्की कुणाची

संस्थेची स्थापना, नामांतर, विलीनीकरण अशी स्थित्यंतरं झालेली असतात. मालकीच्या कागदावर मात्र जुनंच नाव असतं, किंवा हयात नसलेल्या विश्वस्तांची नावं असतात. हे दुरुस्त करायला महिने जातात. वकिलाकडून मालकीचा पूर्ण शोध घ्या, आणि त्यात चार गोष्टी खास तपासायला सांगा.

जमीन दान मिळालेली असेल तर दानपत्र मुळातून वाचा. ‘युवकांच्या कार्यासाठीच वापर, अन्यथा दात्याच्या वारसांकडे परत’ अशी अट असली तर विक्रीचा सगळा पायाच बदलतो. इमारत सरकारी किंवा अन्य अनुदानातून बांधली असेल तर विक्रीनंतर अनुदान परत करण्याचं बंधन आहे का, ते पाहा. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर तुमच्या हाती विकण्यासारखी फक्त उरलेली मुदत असते, तीही बहुधा मूळ मालकाची संमती असेल तरच. चौथी गोष्ट मोजणी. कुंपण आणि नकाशा जुळत नाहीत, शेजाऱ्याची वाट आपल्या आवारातून जाते, तंबू ठेवायला मागे उभारलेली शेड मंजूर नकाशात नसते. शेड पाडायची की नियमित करून घ्यायची, हे गिऱ्हाईक येण्याआधी ठरवा. ते आल्यावर ठरवायला गेलात तर त्याचे पैसे किमतीतून कापले जातात, आणि खऱ्या खर्चापेक्षा जास्तच.

ठराव कसा लिहावा

संस्थेच्या घटनेत स्थावर मालमत्ता विकण्याचं कलम वेगळं असतं. नोटिशीची मुदत, गणपूर्ती आणि विशेष बहुमत तंतोतंत पाळा. एखाद्या नाराज सभासदाने पुढे विक्रीला हरकत घेतली तर तो बोट ठेवेल तिथेच. विभागीय शाखेला विकण्याचा अधिकार आहे की मध्यवर्ती संस्थेची मंजुरी लागते, तेही लेखी घ्या. अनेक देशांत धर्मादाय संस्थेला विक्रीआधी नियामकाची परवानगी काढावी लागते. ती नंतर मागून चालत नाही.

‘इमारत विकण्याचे ठरले’ एवढा ठराव कुचकामी. मालमत्तेचं पूर्ण वर्णन, किमान किंमत, विक्रीची पद्धत, सही करणाऱ्या दोघांची पदं, रक्कम कोणत्या खात्यात जमा होणार आणि ठराव किती महिने लागू राहील, हे सगळं त्यात यावं. मुदत नसलेला ठराव पाच वर्षांनी जुन्या किमतीसकट कपाटातून बाहेर निघतो. कार्यकारिणीतल्या कुणाचा, किंवा त्यांच्या नातेवाइकांचा, खरेदीत वा दलालीत हितसंबंध असेल तर त्यांनी तो जाहीर करून त्या विषयापुरतं सभेबाहेर जावं, आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

तपासणी स्वतः करून घ्या

जुन्या इमारतीत दडलेलं गिऱ्हाइकाच्या अभियंत्याला सापडणारच. त्याआधी तुम्हाला माहीत असावं. अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज) छपराच्या पन्हाळी पत्र्यांत, गरम पाण्याच्या नळ्यांच्या वेष्टणात, छताच्या तक्त्यांत, जुन्या नऊ इंची चौकोनी फरशांत आणि त्यांच्याखालच्या काळ्या चिकटद्रव्यात असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्यामुळे ‘इमारत इतकी काही जुनी नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. नमुना स्वतः खरवडून काढू नका. तंतू हवेत उडतात. शिशाच्या रंगाचंही तसंच. अमेरिकेने घरगुती रंगातून ते १९७८ मध्ये हद्दपार केलं, काही देशांत त्यानंतरही ते चालू राहिलं. थंड प्रदेशात इमारत तापवायला एके काळी तेल जाळत असतील तर आवारात पुरलेली टाकी आहे का ते शोधा. टाकी गळून माती खराब झाली असेल तर ती साफ करण्याचा खर्च इमारतीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

विक्रीसाठी म्हणून मोठी दुरुस्ती काढू नका, तो पैसा परत येत नाही. गळती मात्र थांबवा, तुंबलेली पन्हाळं साफ करा, अडगळ हलवा. ओल आलेल्या भिंतीवर नवा रंग फासला की लपवाछपवीचाच संशय येतो.

किंमत आणि निविदा

दोन स्वतंत्र मूल्यांककांकडून लेखी अहवाल घ्या. त्यांची फी विक्रीच्या रकमेशी टक्केवारीने बांधलेली नसावी. जवळपासच्या विक्रींशी तुलना, मिळू शकणारं भाडं, आणि जमिनीची किंमत अधिक घसारा वजा जाता बांधकाम, अशा तीन वाटांनी आकडा काढायला सांगा. जीर्ण इमारतीत चौथा आकडाही लागतो: मोकळ्या जमिनीची किंमत वजा पाडकामाचा खर्च. कित्येकदा गिऱ्हाईक जमीनच विकत घेत असतं, आणि हॉलच्या लाकडी जमिनीचं कौतुक फक्त आपल्यालाच असतं.

ओळखीतल्या विक्रीपेक्षा सीलबंद निविदा बऱ्या. पुरेशी मुदत द्या, पाहणीचे दिवस ठरवा, अनामत मागा, आणि पाकिटं किमान तिघांसमोर एकाच वेळी उघडा. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगली बोली नव्हे. ‘कर्ज मिळाल्यास’ आणि ‘वापर बदलाची परवानगी मिळाल्यास’ अशा अटींची बोली वर्षभर लटकू शकते; थोडी कमी पण पैशांचा पुरावा असलेली बिनशर्त बोली पुष्कळदा परवडते. करारात ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द, तपासणीची ठरावीक मुदत आणि तुम्ही काय काढून नेणार त्याची यादी घाला. कोनशिला, ध्वजस्तंभ, दात्यांच्या नावांच्या पाट्या यादीत नसतील तर त्या इमारतीबरोबर गेल्या असं समजा. नवी जागा तयार नसेल तर विक्रीनंतर काही महिने भाडं देऊन राहण्याची सोय याच करारात करून घ्या.

रिकामी करताना

इथे घाई सर्वांत महागात पडते. मुलांचे प्रवेश अर्ज, आरोग्यपत्रकं, पालकांचे पत्ते रद्दीत जाता कामा नयेत. ठेवायच्या मुदतीनुसार गठ्ठे लावा, मुदत संपलेले दोघांच्या देखत यंत्रात कातरा. बालसुरक्षेसंबंधीच्या तक्रारींच्या फायलींना मात्र हात लावू नका: अशा बाबी दशकांनंतरही उघड होतात, आणि तेव्हा तो कागद नसणं हाच संस्थेवरचा आरोप ठरतो. जुन्या संगणकांची डिस्क काढून नष्ट करा. फाइल डिलीट करणं पुरेसं नाही.

तंबू शाखांना वाटण्याआधी एकेक उभारून बघा. गॅस सिलिंडर, स्टोव्हचं इंधन, मुदत संपलेली औषधं आणि अग्निशामकं सामानाच्या गाडीत टाकू नका, त्यांची विल्हेवाट वेगळी लागते. पत्ता बदलल्याचं बँक, टपाल आणि नकाशांच्या अ‍ॅपवर कळवा, नाहीतर पालक मुलांना घेऊन बंद दारापाशी येतील.

मोकळ्या इमारतीबद्दल विमा कंपनीला लेखी कळवा. अनेक पॉलिसींत इमारत सलग ३० किंवा ६० दिवस रिकामी राहिली की चोरी, तोडफोड आणि पाणीगळतीचं संरक्षण आटतं. पाणी मुख्य तोटीलाच बंद करा.

पैसा आणि ताबा

रक्कम वेगळ्या खात्यात जमा करा. त्यातून आधी कर्ज, कर आणि विक्रीखर्च फेडा, दानाच्या अटीने बांधलेला भाग बाजूला काढा, आणि उरलेल्या रकमेचा वापर ठरावात आधीच लिहिलेला असू द्या. तसा तो नसेल तर पैसा पगार आणि वीजबिलांत मुरतो, आणि चार-पाच वर्षांत ना इमारत उरते ना निधी.

ताब्याच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधीबरोबर सगळ्या खोल्या फिरा, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, किल्ल्या मोजून पावतीवर द्या. जुन्या शाखाप्रमुखांकडच्या किल्ल्याही आठवणीने गोळा करा. विमा मात्र मालकी बदलल्याची अधिकृत नोंद हाती आल्यावरच बंद करा.